अर्ध्या लिंबाची चौकशी

फ्रिज थंड होईना म्हणून मेकॅनिक बोलावला. त्याने आत थर्मामीटर ठेवला, ११ अंश बघून मान हलवली. "४ च्या आसपास पाहिजे, काका." काका! त्याचं वय असेल पंचविशीचं. मग दुरुस्ती राहिली बाजूला आणि सुरू झाली झडती.

"घरात माणसं किती?"

"दोन."

"मग हे काय?" हातात वाटी, वाटीत अर्धं लिंबू.

"लिंबू."

"ते दिसतंय. अर्धं का?"

याला काय उत्तर द्यायचं? अर्धं वापरलं म्हणून! लिंबू झाडालाच अख्खं लागतं, त्याला मी काय करू?

अर्धा कांदा निघाला. त्याने डबीचं झाकण उघडून हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू वास माझ्याच अंगाला येतोय. मग भात. "कालचा?"

इथे मात्र मी छाती काढली. म्हटलं, कालचा असला तरी ताटात पसरून, पटकन निववून आत ठेवलाय. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे शिळाच."

फ्रीझरमधून बर्फाचा ट्रे निघाला. लाल. तो दोन पावलं मागे सरकला.

"टोमॅटोची पेस्ट आहे," मी घाईने म्हटलं. "चमचा-चमचा गोठवून ठेवलीय."

"मग बर्फ कशात करता?"

"करत नाही."

"मग फ्रिज दुरुस्त कशाला करताय?"

शेवटी म्हणाला, मागच्या जाळीतून गार हवा येते, तिच्यापुढे डब्यांची भिंत आहे. पावतीवर 'बिघाडाचे कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'अर्ध्या वस्तू'. वर त्याखाली माझी सही घेतली!

पाककृतीवाल्यांची सही कोण घेणार? 'दोन चमचे पेस्ट घाला' म्हणून हे मोकळे. उरलेल्या डब्याचं काय, यावर चकार शब्द नाही. डब्यावर छापलेलं असतं, 'उघडल्यावर लवकर संपवा'. कोणी? आम्ही दोघांनी? नुसती पेस्ट? बरं, छोटं पाकीट घ्यावं तर ग्रॅममागे तेच महाग. कमी खाणाऱ्याने जास्त पैसे मोजायचे आणि वर उधळ्या म्हणवून घ्यायचं.

काल बायकोने उरलेले बलक संपवायला कस्टर्ड केलं. ते बलक उरले होते, कारण त्याआधी पांढऱ्याचा केक झाला होता. कस्टर्डला क्रीम लागलं दोन चमचे. डबा पाव लिटरचा. क्रीम संपवायची पाककृती सापडलीय. तिला तीन अंड्यांचा फक्त पांढरा भाग लागतो.