रिप्ले असावा, पण मोजता येणाऱ्या गोष्टींपुरताच

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत वर्षानुवर्षे एक अट राहिली आहे : व्हिडिओ किंवा छायाचित्र कोणीही आणलेले असो, रेफरी ते पाहणार नाहीत. व्हेक्स या अशाच दुसऱ्या रोबोट स्पर्धांची भूमिकाही अशीच होती. स्वयंसेवक रेफरी म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहून मी ही अट विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकवली आहे आणि बराच काळ ती मला मनापासून पटतही होती. आता ती सरसकट पटत नाही.

अटीमागची कारणे खोटी नाहीत. पात्रता फेरीत सत्तर सामने धरले आणि प्रत्येक सामन्यामागे तीन मिनिटे तपासणीत गेली, तर साडेतीन तास त्यातच जातील. शिवाय प्रेक्षकांतून तिरक्या कोनाने घेतलेल्या चित्रणात रोबोटचा बंपर (त्याच्याभोवतीचे मऊ कडे) रेषेच्या आत आहे की बाहेर, हे दिसते तसे असेलच याची खात्री नसते; आणि ज्या संघाकडे चांगला कॅमेरा व तो सांभाळायला मोकळा माणूस आहे त्यालाच दाद मागता येणे, हा तर उघड अन्याय होईल.

मात्र २०२३ पासून फर्स्टमध्ये प्लेऑफचे, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या बाद फेऱ्यांचे, गणित बदलले. पूर्वी सुरुवातीच्या फेऱ्याही तीनपैकी दोन सामने जिंकण्याच्या असत, त्यामुळे एखादा चुकलेला निर्णय पुढच्या सामन्यात भरून काढता येई. दुहेरी बाद पद्धतीत अंतिम फेरीपर्यंत एकेका सामन्यावर पुढची वाट ठरते आणि दुसरा पराभव होताच अलायन्स, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या संघांची आघाडी, घरी जाते. चुकीची किंमत वाढली असताना ती दुरुस्त करण्याचे साधन मात्र नाकारायचे, हे मला विसंगत वाटते.

अर्थात, काय तपासायचे हा खरा प्रश्न आहे. १९९२ मध्ये डर्बन कसोटीत तिसऱ्या पंचाने सचिन तेंडुलकरला धावबाद दिले, तेव्हा प्रश्न बॅट आणि रेषेचा होता, फलंदाजाच्या हेतूचा नव्हता. रोबोटिक्समध्येही असे प्रश्न आहेत. शेवटची घंटा झाली तेव्हा रोबोट जमिनीपासून सुटलेला होता का? गेम पीस, म्हणजे गुणांसाठी टाकायची वस्तू, घंटेपूर्वी रोबोटच्या हातातून सुटला होता का? सेकंदाला तीस चौकटी टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातही दोन चौकटींमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर असते, आणि सहा रोबोट एकाच वेळी धावत असताना माणसाच्या डोळ्याला एवढे बारीक टिपणे जमत नाही. मला तरी कधी जमलेले नाही.

याउलट, प्रतिस्पर्ध्याला अडवून धरणे मुद्दाम होते की धडकेच्या ओघात घडले, हे संथगतीत पाहिल्याने सोपे होत नाही. संथगतीत प्रत्येक धडक हेतुपुरस्सर वाटते. फुटबॉलमधील व्हीएआरवरचे (चित्रण पाहून निर्णय तपासण्याच्या पद्धतीवरचे) निम्मे वाद याच जागी सुरू होतात. असे निर्णय रेफरीकडेच राहू द्यावेत.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे : फक्त प्लेऑफमध्ये, आयोजकांनी ठरावीक जागी बसवलेल्या कॅमेऱ्यांचेच चित्रण, प्रत्येक अलायन्सला एकच दाद आणि मुख्य रेफरीला दोन मिनिटांची मुदत. तेवढ्यात स्पष्ट काही दिसले नाही, तर मूळ निर्णय कायम राहावा. निकाल लागेपर्यंत ते दृश्य मोठ्या पडद्यावर दाखवू नये, कारण ओरडणाऱ्या प्रेक्षागृहासमोर कोणताही स्वयंसेवक शांतपणे पाहू शकत नाही. दाद मागायची ती आजच्याप्रमाणे विद्यार्थ्यानेच, आणि उत्तर द्यायचे ते दोन्ही अलायन्सच्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून.