कुलवृत्तांतातील कुळे

आमच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुन्हा छापायचे ठरले आहे, हे मला न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चमध्ये एका सकाळी फोन उघडल्यावर कळले. संपादनाचे काम अंगावर घेतलेल्या माझ्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, ‘परदेशस्थ शाखांनी आपली माहिती गणपतीपूर्वी पाठवावी’ असा निरोप धाडला होता. त्याखाली तोवर दीडशेच्या वर संदेश जमले होते आणि त्यांतील बहुतेक भांडणाचे होते. भांडणे दोन होती. लग्न झालेल्या मुलींच्या पुढच्या पिढ्या घ्यायच्या की जुन्या आवृत्तीप्रमाणे जावयाचे नाव आणि गाव देऊन तिथेच थांबायचे, हे पहिले. घराण्याच्या रत्नागिरीकडील खोतीविषयीचे, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वंशपरंपरागत हक्काविषयीचे, प्रकरण जसेच्या तसे छापायचे की त्यात काही भर घालायची, हे दुसरे.

जुन्या आवृत्तीतील ते प्रकरण मला जवळजवळ पाठ आहे. मूळ पुरुषाने ओसाड गाव वसवले, रान तोडून जमीन लागवडीखाली आणली, देऊळ बांधले, विहीर खणली, अशी ती सगळी वाक्ये आहेत आणि प्रत्येकाचा कर्ता एकच आहे. कोकणातील एका खोताने एकट्याने एवढी विहीर खणली असेल तर तो पुरुष खरोखरच अचाट म्हणायला हवा. मराठीत ‘कुळ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक घराणे आणि दुसरा खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. आमच्या कुलवृत्तांतात पहिल्या अर्थाच्या बारा पिढ्या आहेत आणि दुसऱ्या अर्थाचा एकही माणूस नाही.

हे वाद मी ज्या गावातून वाचते, तेथील पहिल्या शेतकरी घराण्याचा इतिहास मला गेली काही वर्षे कामाच्या निमित्ताने आणि पुढे केवळ आवडीने पाहावा लागला. शनिवारी सकाळी आम्ही भाजी आणायला रिकार्टन हाउसच्या आवारात भरणाऱ्या शेतकरी बाजारात जातो. त्या आवारात एक बुटकी लाकडी झोपडी जपून ठेवलेली आहे. विल्यम आणि जॉन डीन्स या दोन स्कॉटिश भावांनी ती १८४३ मध्ये उभारली आणि शहराभोवतालच्या कँटरबरीच्या मैदानावर आज उभी असलेली ती सर्वांत जुनी इमारत आहे. शहर वसवणारी ‘पहिली चार जहाजे’ लिटलटनच्या बंदराला लागली ती १८५० च्या डिसेंबरात. तोवर डीन्स बंधू या मैदानावर सात वर्षे शेती करून बसले होते.

देश सोडणाऱ्या स्कॉटिश माणसाची जी कहाणी आपल्या डोक्यात असते, मेंढ्यांसाठी जमीनदाराने हुसकून लावलेला डोंगराळ भागातील कंगाल शेतकरी, त्या कहाणीत हे भाऊ बसत नाहीत. ते एअरशर परगण्यातील किल्मार्नॉकजवळच्या रिकार्टनचे, वकिलाचे मुलगे. हातात भांडवल होते, आणि वसाहतीसाठी जमीन विकणाऱ्या न्यूझीलंड कंपनीकडून जमिनीचे हक्क विकत घेऊनच ते निघाले. विल्यम १८४० मध्ये वेलिंग्टनला उतरला, जॉन १८४२ मध्ये नेल्सनला. कंपनीने विकलेली जमीन कागदावर होती तशी प्रत्यक्षात कोठेच नव्हती, म्हणून विल्यम दक्षिणेकडे चराऊ राने शोधत निघाला आणि तेथील मूळ रहिवासी माओरी ज्या जागेला पुतारिंगामोतु म्हणत, तेथे थांबला. या नावाचा अर्थ कोणी प्रतिध्वनीची जागा असा लावतात, तर कोणी तुटून वेगळा पडलेला कान असा, म्हणजे मोठ्या रानापासून सुटून एकटे उरलेले झाडांचे बेट. भावांनी त्या जागेला आपल्या गावाचे नाव दिले आणि शेजारून वाहणाऱ्या ओताकारो नदीला आजोबांच्या शेताकडच्या एका ओढ्यावरून ॲव्हन म्हटले. शहरात आलेला प्रत्येक पाहुणा या ॲव्हनचा संबंध शेक्सपिअरच्या गावाशी जोडतो, आणि मीही पहिली दोन वर्षे तो जोडत होते.

त्यांच्याबरोबर गेबी आणि मॅन्सन ही दोन कुटुंबे कराराने कामाला आली होती. डीन्स घराण्याचा इतिहास सांगताना ही दोन नावे येथे कधी गळत नाहीत. मुदत संपल्यावर त्या कुटुंबांनी बंदराच्या टोकाशी स्वतःच्या शेतीवाड्या केल्या, आणि तेथील एका खिंडीला आजही गेबीचे नाव आहे. आमच्या प्रकरणात विहीर खणणारा गडी जेथे असायला हवा होता, नेमकी ती जागा येथे भरलेली आहे, हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले ते या दोन नावांमुळे.

मात्र मला खरे थांबवले ते एका कागदाने. १८४६ मध्ये डीन्स बंधूंनी या जमिनीचा भाडेपट्टा तेथील न्गाई तुआहुरिरी या माओरी जमातीकडून घेतला. मैदानाचे आद्य शेतकरी म्हणून ज्यांचे पुतळ्यासारखे स्मरण केले जाते, ते सुरुवातीला माओरींना खंड देणारी कुळे होती. माओरींशी परस्पर केलेले असे व्यवहार सरकार मानत नव्हते, कारण जमीन घेण्याचा हक्क त्याने स्वतःकडे राखला होता. अखेर कंपनीच्या हक्कांच्या बदल्यात भावांना रिकार्टनचे चारशे एकर मिळाले, आणि मालक असलेल्या माओरींचे नाव त्या जमिनीच्या कागदांतून गेले. आमच्याकडे कसणाऱ्याचे नाव कागदावर चढायला कायदा लागला. येथे कायद्याने मालकाचेच नाव उतरवले.

ते कसे उतरले, हे सांगितल्याशिवाय या घराण्याची गोष्ट पुरी होत नाही. जून १८४८ मध्ये आकारोआ येथे सरकारचा प्रतिनिधी हेन्री केम्प याने न्गाई ताहू (न्गाई तुआहुरिरी ही त्यांचीच एक शाखा) प्रमुखांच्या सह्या घेऊन दक्षिण बेटाचा मधला प्रचंड पट्टा, कोटीहून अधिक एकर, दोन हजार पौंडांना खरेदी केला. वस्त्या आणि अन्न मिळवण्याच्या जागा माओरींकडे राहतील, असे त्या करारात होते. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली ६,३५९ एकर जमीन, म्हणजे माणशी सुमारे दहा एकर, आणि मासे, बाममासे व पाखरे धरण्याच्या पाणथळ जागा नव्या मालकांनी चर खणून कोरड्या केल्या. मातिआहा तिरामोरेहू या प्रमुखाने लगेच पुढच्या वर्षी लेखी तक्रार केली. त्या तक्रारीची भरपाई ठरायला १९९८ साल उजाडले: सतरा कोटी डॉलर, काही जागांची मूळ नावे परत, आणि पंतप्रधानांनी न्गाई ताहूंच्या ओनुकु येथील सभास्थानी जाऊन मागितलेली राजसत्तेची माफी.

डीन्स भावांना हे सारे पाहायला मिळाले नाही. विल्यम १८५१ मध्ये मेंढ्या आणायला ऑस्ट्रेलियाला निघाला आणि वेलिंग्टनजवळ जहाज फुटून बुडाला. जॉन स्कॉटलंडला जाऊन जेन मॅकिलरेथशी लग्न करून परतला, आणि मुलगा वर्षाचा होण्याआधीच, १८५४ मध्ये, क्षयाने गेला. तेव्हा त्याचे वय चौतीस होते. पुढची सत्तावन्न वर्षे जेन होती. तिने मुलगा वाढवला, १८५६ मध्ये मोठे घर बांधून घेतले, झाडे लावली, आणि म्हातारपणी नातवंडांसाठी आठवणी लिहून ठेवल्या. या घराण्याविषयी आज जे माहीत आहे त्यातील पुष्कळसे त्या आठवणींमुळे माहीत आहे. पुतारिंगामोतुचे उरलेले रान तोडू नये ही जॉनची अखेरची इच्छा तिने पाळली, आणि ती वारल्यावर तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, घराण्याने ते रान शहराला दिले. आठ हेक्टरांहूनही लहान असलेल्या त्या तुकड्यात सहाशे वर्षांपर्यंतची कहिकतेआ झाडे आहेत. आमच्या वृत्तांताच्या जुन्या पद्धतीने लिहिले असते तर जेनची नोंद ‘पत्नी: जेन, माहेर मॅकिलरेथ’ एवढी झाली असती. मुलींचा वंश घ्यायचा की नाही, हा वाद घालणाऱ्या काकांना मी हे उदाहरण कळवले. त्यांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. त्याचा अर्थ होकार असतो की निरोप, हे परदेशात राहून कळत नाही.

खोतीच्या वादात मात्र हात जोडून भागत नाही. प्रकरणात भर घालू नये असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, तो काळच तसा होता, आपल्या पूर्वजांनी सरकारचा सारा वेळेवर भरला, दुष्काळात कुळांना धान्य दिले, आणि घरचा इतिहास लिहिताना आरोपपत्र कशाला. यातील धान्याची गोष्ट खरी असावी, मला ती आजीकडून माहीत आहे. पण त्या काळातही सगळ्यांना तो काळ ‘तसाच’ वाटत नव्हता. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुळकायदा १९४८ मध्ये झाला, खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली. यातले एकही वर्ष आमच्या वृत्तांतात नाही. तेथे केवळ ‘पुढे जमिनी गेल्या’ असे एक कर्ता नसलेले वाक्य आहे, जणू समुद्राने नेल्या.

उलट बाजूने एका भाच्याने खोत आणि गोरे वसाहतवाले सारखेच, असे ठोकून दिले, आणि तेही मला पटत नाही. खोत समुद्रापलीकडून आला नव्हता, तो त्याच गावाची भाषा बोलत होता, आणि त्याचा अधिकार कुळाच्या श्रमावर व पिकातल्या वाट्यावर होता. अर्धेल न्यावी, वेठीला बोलवावे, पण कुळ गावातच हवे, नाहीतर शेत पडीक राहते. केम्पच्या खरेदीला माओरी त्या जागी असण्याची गरजच नव्हती. शेवटही उलटसुलट झाले. आमच्या कुळांना जमीन मिळाली आणि माफी कोणी मागितली नाही. न्गाई ताहूंना माफी मिळाली आणि हिरावलेल्या जमिनीचा फार थोडा भाग. यातील कोणते बरे, हे मला ठरवता येत नाही, पण दोन्हींकडे अर्धेच झाले असे म्हणायला हरकत नसावी.

डीन्स घराण्याकडे बोट दाखवताना मला एक गोष्ट सोयीस्करपणे विसरता येत नाही. आमचे घर रिकार्टनहून चार किलोमीटरवर आहे, आणि त्याखालची जमीनही त्याच १८४८ च्या करारात गेलेली आहे. आमच्या मुलाला शाळेत माओरी पद्धतीने ओळख करून द्यायला शिकवले: आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज ज्यातून आले ती होडी, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचे नाव. त्याने घरी येऊन विचारले की आपली नदी कोणती. मी सवयीने गोत्र, कुलस्वामिनी आणि गावच्या खाडीचे नाव सांगितले. तो म्हणाला, ‘ती आजीची. माझी?’ त्याने वहीत ओताकारो लिहिले आणि कंसात ‘न्गाई तुआहुरिरींची’ असे बाईंनी सांगितल्याप्रमाणे जोडले. मला ते कंस आवडले.

दादाला मी दोन गोष्टी पाठवल्या. पहिली आमच्या शाखेची नोंद, ज्यात मुलांची नावे आहेत आणि राहण्याच्या जागेपुढे मुलाच्या वहीसारखाच कंस आहे. दुसरी गोष्ट जमवायला तीन रविवार गेले. नव्वदीकडे झुकलेल्या आत्याला फोन करून, आपल्या जमिनी कोण कसत होते, हे मी वाडीवाडीने विचारत गेले. पहिल्या दिवशी तिने ‘तुला कशाला हव्यात त्या भानगडी’ म्हटले, तिसऱ्या रविवारी मात्र फोन तिनेच केला. तिला सतरा घरे आठवली. त्यांपैकी सहा घरांतल्या माणसांची फक्त हाक मारायची नावे तिला ठाऊक होती, आणि विहिरीवरच्या घराचे तेवढेही नाही, ‘विहिरीवरचे’ असेच ते सगळे म्हणत. जुन्या सातबाऱ्यांच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात उरलेली नावे मिळतील असे मी दादाला कळवले आहे. तलाठ्याकडे जायला त्याला वेळ होईल का, एवढे त्याच्याकडून अजून आलेले नाही.