“एक फोन केला की नवरा आत”: महिला आयोगावरच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले आठ-दहा दिवस सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप आणि माहेरचा ग्रुप अशा तिन्ही ठिकाणी तोच मेसेज येऊन पडतोय. मेसेज असा, की राज्य महिला आयोग म्हणजे नवऱ्यांच्या मागे लावलेलं सरकारी हत्यार, बायकोने एक फोन केला की नवरा आत, घर तिच्या नावावर, पुरुषाचं कोणी ऐकूनच घेत नाही, ४९८अ च्या (नवरा किंवा सासरच्यांकडून छळाच्या कलमाच्या) ८५ टक्के केसेस खोट्या आहेत असं सुप्रीम कोर्टच म्हणालंय, आणि हा आयोग नुसता नवराबायकोच्या भांडणात नाक खुपसतो, एवढं करून आजवर एकाही बाईला न्याय मिळाला नाही, तर टाळं ठोका. खाली हात जोडलेले इमोजी आणि “प्रत्येक मुलाच्या आईवडिलांनी वाचावे”.

गंमत बघा, एकाच मेसेजात आयोग एवढा ताकदवान की फोनवर माणूस उचलतो आणि एवढा निकामी की कुणाचं काही होत नाही. अहो काहीतरी एक ठरवा ना आधी! असो. मी काही वकील नाही, पण दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकूंच्या मुलीबरोबर आयोगाच्या जनसुनावणीला जाऊन बसलेय आणि त्या निमित्ताने बरंच वाचलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

“फोन केला की नवरा आत.” आयोगाकडे ना पोलीस आहेत ना लॉकअप. महाराष्ट्राचा आयोग १९९३ च्या राज्याच्या कायद्याने बनला, एक अध्यक्ष, अशासकीय सदस्य, सदस्य सचिव, आणि पोलीस महासंचालक पदसिद्ध सदस्य. चौकशी करताना त्याला दिवाणी कोर्टासारखे काही अधिकार आहेत, म्हणजे माणसाला समन्स काढून बोलावणं, कागदपत्रं मागवणं, शपथेवर जबाब घेणं. बस. अटक करता येत नाही, शिक्षा करता येत नाही, घटस्फोट देता येत नाही, पोटगी ठरवता येत नाही. आयोग करतो काय तर पोलीस ठाण्याला, कलेक्टरला, कंपनीला पत्र लिहितो आणि विचारतो की याचं काय केलंत, अहवाल द्या.

आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला तरी लगेच बेड्या असंही नाही. २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते लिहून काढा, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्या, आणि हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई होईल आणि कोर्टाच्या अवमानाचीही. ४९८अ ला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे हे लागू होतंच. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ नंबरवर गेलंय, नोटिशीची तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशीच आहे. मेसेज लिहिणारा अजून ४९८अ वरच अडकलाय यावरून तो किती जुना माल आहे ते कळावं.

आता ते ८५ टक्के. यावर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त हाच आकडा तोंडावर फेकला जातो. हा आकडा आला कुठून? त्याच अर्नेश कुमार निकालात एक वाक्य आहे, ४९८अ मध्ये आरोपपत्र दाखल होण्याचं प्रमाण ९३.६ टक्के आणि शिक्षा होण्याचं फक्त १५ टक्के. मग कुणीतरी शंभरातून पंधरा वजा केले आणि उरलेल्या पंच्याऐंशींवर ‘खोट्या’ असा शिक्का मारला! वजाबाकी बरोबर आहे, शिक्का चुकलाय. सुटका होणं म्हणजे तक्रार खोटी होती असं कोर्टाने ठरवणं नव्हे. मार घरात बसतो, साक्षीदार सासू आणि दीर, केस बोर्डावर येईपर्यंत चार-पाच वर्षं गेलेली, मधल्या काळात दोघांनी आपसात मिटवून घेतलेलं, दागिने परत, म्युच्युअल घटस्फोट, आणि मग ती साक्षीला उभी राहून म्हणते मला काही आठवत नाही. ही केस सुटकेत मोजली जाते. जबर मारहाण होऊन डॉक्टरचा कागद नसलेली केसही तिथेच. आणि खरोखर रचून केलेली केससुद्धा तिथेच, ती नसते असं मी म्हणत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या निकालात बायकांच्या बाजूचं नसलेलंही भरपूर आहे. नाराज बायका या कलमाचा ढालीऐवजी हत्यार म्हणून वापर करतात असं कोर्टाने स्पष्ट लिहिलंय, अंथरुणाला खिळलेल्या आजे-आजोबांना आणि परदेशातल्या नणंदांनाही अटक झाल्याचा उल्लेख आहे, आणि २०१२ मध्ये या कलमाखाली अटक झालेल्या १,९७,७६२ जणांत ४७,९५१ बायका होत्या असंही आहे. ही काळजी खरी होती म्हणून तर अटकेला लगाम घातला. पण मग लगाम घातला हे मेसेजमध्ये का नाही? निकालातलं अर्धं वाक्य घ्यायचं आणि ज्यासाठी निकाल दिला तेच गाळायचं, हा कुठला न्याय.

“पुरुषाचं कोणी ऐकत नाही.” मी गेले होते ती सुनावणी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉलमध्ये होती, चार टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पोलीस अधिकारी, एक समुपदेशक ताई, एक वकील आणि लिहून घेणारा कारकून. काकूंच्या मुलीची तक्रार फार साधी होती, सोडायचंय-नांदायचंय नंतर बघू, आधी माझं स्त्रीधन आणि मुलाचे कागद द्या. पहिल्या तारखेला नवरा आलाच नाही. दुसरीला आला, सोबत मामा, आणि मामा जे सुरू झाले ते वीस मिनिटं, ती पोरगी फोन किती वापरते इथपासून तिच्या बापाने लग्नात जेवण कसं दिलं इथपर्यंत, आणि टेबलावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं हो! शेवटी विचारलं, दागिने कुठेत. मामा गप्प. तिसऱ्या तारखेला पोलीस ठाण्यात यादी करून सामान दिलं, ती यादी मी पाहिलीय: पाटल्या दोन, कानातले एक जोड, बाळाचे वाळे चांदीचे, मुलाचा जन्मदाखला, तिची दहावी-बारावीची सर्टिफिकेटं, आधार कार्ड. मंगळसूत्र नव्हतं, ते “मोडलं” म्हणे. त्यासाठी कोर्ट वेगळं चालू आहे. नवऱ्याला ना अटक झाली ना कुणी हात लावला.

आणि आयोग म्हणजे बायको विरुद्ध नवरा एवढंच समीकरण नाही. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर सत्तरीची आजी सुनेविरुद्ध नाही तर मुलाविरुद्ध आली होती, खोलीचं कुलूप बदललं म्हणून. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आईलाही आहे, बहिणीलाही आहे.

“घर बायकोच्या नावावर.” हे निव्वळ खोटं. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्या कायद्यात राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. तिला रस्त्यावर काढू नका इतकंच. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सासऱ्याच्या नावावरचं घरही ‘सामायिक घर’ ठरू शकतं, त्यावरून हा धुरळा उठला, पण सातबारावर किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव त्याने चढत नाही. आणि हा आदेशसुद्धा मॅजिस्ट्रेट देतो, आयोग नाही.

“नवराबायकोच्या भांडणातच नाक खुपसतात.” बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवा. २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्या आल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली, विधान परिषदेत प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, पाळीत खाडा झाला की दंड, त्यापेक्षा पिशवीच नको, असा तो हिशोब. त्यानंतर जिल्ह्यात सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्याने ही ऑपरेशन करायची नाहीत असं ठरलं. हे सगळं आयोगाच्या नोटिशीनेच झालं असं नाही, पत्रकार आणि संघटना आधीपासून ओरडत होत्या. पण नोटीस आली की फाइल हलते, उत्तर लिहावं लागतं, हे सरकारी ऑफिसात काम केलेल्या कुणालाही विचारा.

राहिलं “एकाही बाईला न्याय नाही”. वरच्या पाटल्या आणि सर्टिफिकेटं न्यायात धरायची की नाही ते तुम्ही बघा, पण इथे मात्र मेसेजवाल्याला एक सांगते, तुम्हाला आयोगाला शिव्याच द्यायच्या आहेत तर खऱ्या गोष्टीसाठी द्या ना. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नवीन अध्यक्ष आल्या ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधला अख्खा लॉकडाऊन, बायका चोवीस तास मारणाऱ्याबरोबर एकाच घरात, आणि खुर्ची रिकामी! नेमणूक काही होईना. हे कुणी फॉरवर्ड केलं नाही. २०२५ मध्ये मुळशीतल्या सुनेच्या मृत्यूनंतर कळलं की त्याच घरातल्या थोरल्या सुनेची तक्रार आधीच आयोगाकडे गेलेली होती, तेव्हा आयोगावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पत्र पोलिसांना पाठवलं, पुढे काय झालं ते कुणी पाहिलं, हा प्रश्न आहे. राजकीय नेमणुका हा तर वेगळाच विषय, त्यात पडत नाही.

उलट अशा मेसेजने नुकसान काय होतं, तर ज्यांना मदत हवीय त्या दोन्हीकडून फसतात. काही जणी घाबरून जातच नाहीत की नवऱ्याला उचलतील. काही जणी आयोगालाच कोर्ट समजून पत्र टाकून वाट बघत बसतात. ऑफिसात लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्याने तक्रार तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे जायला हवी, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा घरकाम करणारी ताई असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, आणि आयोगाला लिहिलं म्हणून ही मुदत थांबत नाही. मारहाण चालू असेल तर आधी ११२. राहण्याचा, पोटगीचा आदेश हवा असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातले संरक्षण अधिकारी आणि मॅजिस्ट्रेट. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नाही, फुकट मिळतो. आयोगाकडे अर्ज साध्या कागदावर चालतो, फी नाही.

एकच गोष्ट मात्र त्या कारकुनाने काकूंच्या मुलीला दोनदा सांगितली होती, ती इथे लिहिते. आयोगाने ठाण्याला पत्र पाठवलं असं नुसतं ऐकून घरी जायचं नाही, कोणत्या ठाण्याला, कोणत्या तारखेला, जावक क्रमांक काय ते विचारून घ्यायचं, आणि तो नंबर घेऊन ठाण्यात जायचं. तिने तो मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. ठाण्यातले म्हणाले असं काही पत्र आलेलं नाही. तिने चिठ्ठी काढून नंबर वाचला. मग सापडलं.