एका नया पैशाची थकबाकी

‘आत्या’ हे प्रयोजन होत नाही, असं मला परवा एका जुन्या ग्रंथालयात सांगण्यात आलं. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. अर्जात ‘जुने वृत्तपत्र पाहण्याचे प्रयोजन’ असा रकाना होता, मी प्रामाणिकपणे ‘आत्या’ लिहिलं. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत अर्ज परत सरकवला. “संशोधन लिहा.” मी लिहिलं, ‘संशोधन (आत्या)’. चाललं.

आत्याचा जन्म १ एप्रिल १९५७ चा. त्या तारखेवरून घरात जितकी टिंगल व्हायची तितकी होऊन गेलीय. हल्ली जन्मदिवसाचं वर्तमानपत्र फ्रेम करून भेट द्यायची टूम निघालीय, ती वहिनीच्या डोक्यात आली आणि काम माझ्याकडे. मला वेळ असतो, असा घरात समज आहे.

तर तो अंक. बांधीव गठ्ठ्यातून पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येत होता, आणि प्रत्येक तुकड्यागणिक टेबलामागून खाकरण्याचा आवाज. मथळे मात्र झकास. सुएझ कालव्यात बुडवलेली जहाजं बाहेर काढायचं काम संपत आलेलं. केरळात नंबुद्रिपादांचं मंत्रिमंडळ चारच दिवसांत शपथ घेणार होतं, तेव्हा कम्युनिस्ट मतपेटीतून आलेच कसे यावर सगळे विद्वान तुटून पडलेले. इकडे द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांचं सरकार तरलं होतं, पण पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला असं धुतलं होतं की जिंकल्याचा आनंद कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता.

पण त्या दिवसाची खरी बातमी नाण्यांची. आजपासून रुपयाचे सोळा आणे नाहीत, चौसष्ट पैसे नाहीत, एकशे ब्याण्णव पै नाहीत. आजपासून रुपयाचे शंभर नवे पैसे. हे सगळं एक एप्रिलला! त्याच संध्याकाळी तिकडे बीबीसीने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडतानाचा कार्यक्रम अगदी गंभीर चेहऱ्याने दाखवला होता. ते झाड कसं लावायचं म्हणून लोकांनी फोन केले, तर सल्ला मिळाला की टोमॅटो सॉसच्या डब्यात एक काडी खोचा आणि देवावर भरवसा ठेवा. आमच्या सरकारला एवढ्या खटाटोपाची गरज पडली नाही. त्यांनी सरळ कोष्टक छापलं.

“एक एप्रिल सत्तावन्न का?”

पलीकडच्या खुर्चीवर एक आजोबा होते. मे महिन्यात मफलर. मी हो म्हणेपर्यंत ते खुर्चीसकट माझ्याकडे आले होते आणि त्यांचं बोट कोष्टकावर होतं.

“सोमवार होता. वाचा. एक आणा?”

“सहा नवे पैसे.”

“दोन आणे?”

“बारा.”

“तीन?”

“एकोणीस.”

“का?”

“म्हणजे आण्याचे सव्वासहा होतात ना. तीन आण्यांचे पावणेएकोणीस, म्हणून वरचा आकडा...”

“हे सरकारचं उत्तर झालं. तुमचं काय मत?”

मला मत नव्हतं. मला एक फोटो हवा होता. पण आजोबांनी मफलर सैल केला, आणि हे लक्षण बरं नसतं.

“मी चौथीत. आईने पाठवलं, तिघा भावंडांना तीन पेन्सिली आण. पेन्सिल एक आण्याची. मी एकदम तीन मागितल्या. दुकानदार म्हणाला, एकोणीस. मी म्हटलं सहा त्रिक अठरा. तो म्हणाला, कोष्टक बघ. भिंतीला खळीने चिकटवलेलं होतं.”

“मग दिले?”

“द्यावेच लागले! नवी नाणी होती, द्यायला जिवावर आलं. घरी वडिलांनी हिशेब विचारला. एकेक घ्यायला काय झालं होतं म्हणून एक कानाखाली. म्हणजे नया पैसा गेला तो गेलाच, वर ही. त्या दिवसापासून मी कुठलीच वस्तू एकदम घेत नाही.”

“कुठलीच?”

“केळीसुद्धा एकेक.”

“अहो आजोबा, डझनाचा भाव कमी असतो.”

“तोच तर सापळा!” हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की ‘शांतता राखा’ पाटीखाली डुलक्या घेणारे दोघे जागे झाले. “आणि पोस्ट? दोन आण्यांचे कोष्टकात किती? बारा. पोस्टाने भारताच्या नकाशाची नवी तिकिटं काढली, त्यात तिकीट कितीचं? तेराचं! तेव्हा कुठे गेलं होतं कोष्टक?”

यावर मी निरुत्तर झालो, कारण मुद्दा बरोबर होता. कोष्टकात अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा आणि जास्त असेल तर पूर्ण धरायचा, असा नियम होता. कागदावर न्याय अगदी चोख. पण सोडायची वेळ आली की दुकानदाराला चष्मा सापडत नसणार आणि पूर्ण धरायची आली की लगेच सापडत असणार. सगळी सुधारणा अशीच असते. दिल्लीत दशांश होतो, पेठेतल्या दुकानात तो पूर्णांक होऊन पोचतो. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गळला आणि नुसता पैसा उरला. मग हळूहळू पैसाही गेला. आज साडेनव्व्याण्णवचं बिल शंभर होतं, सुटे मागितले तर गोळी मिळते, आणि तीच गोळी पुढच्या वेळी पैशांऐवजी द्यायला गेलं की दुकानदार आपल्याकडे वेड्यासारखा बघतो. मी देऊन पाहिलीय. मला अजूनही राग येतो.

आजोबांचं आणखी बरंच होतं. शेर-छटाक जाऊन किलो आले तेव्हा वाण्याने काय केलं, याची प्रस्तावना त्यांनी सुरू केली. तेवढ्यात मी घाईने मोबाइल काढून पानाचा फोटो काढला आणि टेबलाकडे सटकलो.

फोटोचे पंधरा रुपये. भिंतीवर क्यूआर कोड होता, त्यावर चिकटपट्टीने ‘बंद आहे’. मी वीसची नोट दिली.

“सुटे द्या.”

“नाहीत.”

“मग नंतर न्या पाच रुपये.”

“नंतर म्हणजे कधी? पावतीवर लिहून द्या, पाच रुपये येणे.”

“पावतीवर असं लिहायला रकाना नाही.”

“संशोधनाच्या रकान्यात आत्या बसली, तर पाच रुपये का नाही बसणार?”

आवाज चढले, हे कबूल. माझी बाजू घ्यायला आजोबा उठले तेव्हा मला बळ आलं. ज्याने एका नया पैशासाठी उभा जन्म काढला, तो माणूस आता माझ्या पाठीशी उभा राहणार होता. ते आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ द्या हो. पाच रुपयांत हल्ली येतं काय?”

एक केळं येतं! हे मी त्यांना ओरडून सांगायला हवं होतं, पण सुचलं घरी आल्यावर.

फोटो बरा आलाय. मथळे स्वच्छ वाचता येतात, फक्त कोष्टकावर आजोबांचं बोट आलंय, बरोबर सात आण्यांच्या ओळीवर. आत्याला सांगून ठेवलंय, बोटाखाली चव्वेचाळीस आहेत.