‘सह्याद्रीत दरडी कोसळत नाहीत’ हा दावा जीवघेणा आहे

पोलादपूर तालुक्यात ऐन डोंगरउतारावर राहणाऱ्या माझ्या मावशीला अतिवृष्टीच्या दिवसांत तरी खाली राहायला ये, असे विनवले, तेव्हा तिने उत्तरादाखल व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश पाठवला. सह्याद्री हा एकसंध काळा पाषाण असल्याने दरडी हिमालयात कोसळतात, येथे नाही. त्याचा प्रत्येक सुळका ज्वालामुखीचे मुख आहे. केरळपर्यंत सगळा खडक लाव्हाचाच आहे. आणि तो हिमालयापेक्षा प्राचीन, म्हणून अचल आहे, असे त्यात म्हटले आहे.

यातील पहिले विधान जिवावर बेतणारे आहे. 30 जुलै 2014 रोजी माळीण, 22 जुलै 2021 रोजी तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, ती याच काळ्या पाषाणाच्या मुलखात. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण असतो, हे मान्य. पण अशा वेळी घसरतो तो मुख्यतः त्याच्या अंगावरचा माती-मुरमाचा थर. रस्त्यासाठी घाट कापलेला असतो तेथे थांबून पाहावे: काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मऊ तांबडा पट्टा दिसतो, कातळाला जागोजागी भेगा असतात आणि माथ्यावर झिजून भुसभुशीत झालेला मुरूम असतो. संततधार पावसात हा मुरूम पाणी पिऊन जड होतो, खालच्या कातळात ते पाणी तितक्या वेगाने मुरत नाही, सांध्यात दाब वाढतो आणि उतारावरची पकड सुटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील सुमारे 4.2 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र दरडप्रवण ठरवले असून त्यातील सुमारे 90 हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणातील डोंगरांचे आहे. याउपर ‘येथे नाही’ म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

सुळक्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला. आजचे बहुतेक सुळके हे त्या थरांच्या झिजेतून उरलेले भाग आहेत. केरळचे विधानही चूक आहे, कारण गोव्याच्या आसपास लाव्हाचे थर संपतात आणि केरळमधील 2695 मीटर उंचीचे आनैमुडी शिखर त्याहून कितीतरी जुन्या खडकांच्या प्रदेशात उभे आहे.

प्राचीनतेचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हिमालय उभा राहण्याआधीचा आहे. परंतु ‘प्राचीन म्हणून अचल’ हा निष्कर्ष उफराटा आहे, कारण खडक जितका काळ ऊन-पावसात राहिला, तितकी त्याची झीज झाली, आणि उतारांवरून घसरणारा मुरूम त्याच झिजेतून तयार झालेला आहे.