फाडफाड इंग्रजीवाल्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या कॉलेज ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: ‘टेक कंपनीत सेल्सच्या मुलाखतीला फाडफाड इंग्रजी लागतं. प्रॉडक्टची टेक्निकल माहिती तोंडपाठ हवी. पेन विकून दाखवता आलं पाहिजे. पगाराचा विषय काढू नका. टार्गेट हुकलं की घरी. आपल्याकडच्या पोरांनी या वाटेला जाऊच नये.’ फ्रेशर्सच्या अशा मुलाखती मी काही वर्षं घेतोय, म्हणून राहवलं नाही.

पेनापासून सुरुवात करतो, कारण जास्त पोरं तिथेच गारद होतात. पेन हातात दिलं की गाडी सुसाट: ‘सर, ग्रिप छान, शाई पसरत नाही…’ समोरच्याला पेन लागतं का, कशाला लागतं, हे विचारायचं राहूनच जातं. रावेर-यावलकडे केळीचा व्यापारी बागेत आल्या आल्या भाव फोडतो का? लागवड कोणत्या महिन्याची, रोपं टिश्यूकल्चरची की कंद, माल कापायला कधी येईल, गाडी बांधापर्यंत येते का, असं सगळं काढून घेतो आणि मग बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातल्या भावावर येतो. तो घेणारा, तुम्ही विकणारे, हे खरं. पण विचारायची रीत तीच. कंपन्या तिला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. तुम्ही काय विचारलं आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलला का, एवढंच मी बघतो.

इंग्रजीचं अर्धं खरं आहे. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर इंग्रजी लागतंच, तिथे सबब चालत नाही. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बिलिंग सॉफ्टवेअर किराणा दुकानापर्यंत, मेडिकलपर्यंत पोचलं. ते विकणाऱ्याला मराठी-हिंदीच कामाला येते. मुलाखतीतल्या एका मॉक कॉलमध्ये, म्हणजे लुटुपुटूच्या फोनवर, मी दुकानदार झालो आणि म्हणालो, ‘नंतर फोन करा.’ अमळनेरकडचा पोरगा म्हणाला, ‘भाऊ, नंतर म्हणजे दुकान उघडताना, की दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा?’ घेतला त्याला. इंग्रजी ईमेल त्याला आजही तपासून घ्यावे लागतात, घेतो.

टेक्निकल पाठांतर सोडा. सुरुवातीच्या जागेवर काम असतं यादी काढायची, फोन-ईमेल करायचे आणि मीटिंग ठरवून सीनियरच्या हवाली करायची. डेमो बहुतेक ठिकाणी दुसराच देतो. कंपनीची वेबसाइट वाचा आणि हे सॉफ्टवेअर कोणाची कोणती कटकट वाचवतं ते एका वाक्यात सांगा.

पगार मात्र विचाराच. भावाची घासाघीस करायला तुम्हाला नोकरी द्यायची आणि स्वतःच्या भावाबद्दल तुम्ही गप्प बसायचं, हे कुठलं शास्त्र? फिक्स किती, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किती, ते मीटिंग ठरवली की मिळतं की विक्री झाल्यावर? गेल्या तिमाहीत टीममधल्या किती जणांचं टार्गेट पूर्ण झालं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा चुळबुळला, तर समजून घ्या. आणि कोणी ‘डिपॉझिट भरा, मग जॉइनिंग’ म्हणालं, तर चहासुद्धा न घेता उठा.

टार्गेटचं ते खोटं नाही. सतत हुकलं तर जातेच नोकरी. म्हणून पहिले किती महिने शिकायला देता, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.