फोटोचे किती घेता?

उत्तराखंडात नैनितालजवळ सातताल आहे, तिथे ओढ्याकाठच्या एका जागेला बर्डिंगवाले 'स्टुडिओ' म्हणतात. पक्षी पाण्यावर येतात, आपण दगडासारखं बसायचं नि फोटो काढायचे. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय.

स्कार्लेट फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यासाठी बसलो होतो. हे उन्हाळ्यात वरच्या जंगलात असतात, थंडीत खाली उतरतात, म्हणून आपण जानेवारीत दात वाजवत बसायचं. मादी आली, हिरवट, कमरेवर पिवळी. आता नर येणार, म्हणून श्वाससुद्धा जपून घेतोय आणि मागून चक्क मराठी,

"अहो, फोटोचे किती घेता?"

माकडटोपीतले काका, मागे काकू, मुलगा, सून, कुरकुरे खाणारा नातू. ड्रायव्हरने सांगितलं होतं म्हणे, इथे स्टुडिओ आहे.

म्हटलं काका, मी पक्ष्यांचे फोटो काढतो.

"मग माणसांचे जास्त पडतात का?"

प्लीज हळू बोला म्हटलं, तर काका वळून घरच्यांवर ओरडले, "ए, हळू बोला रे!"

आणि तरीही नर आला! समोरच्या काटकीवर, अख्खा लालभडक. काका म्हणाले, "कलर मारलाय." एरवी मी सोडून दिलं असतं पण राहवलं नाही, सांगितलं की फिंचचा लाल रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. "हं! ही मला रोज बीट खायला घालते," काका म्हणाले, "माझ्याकडे बघा." काकू म्हणाल्या, "अर्धं ताटात टाकता ते सांगा की." हे भांडण पुढे भोपळ्यावर गेलं, नातवाने रिकामं पाकीट फट्कन फोडलं, नर गेला. माझ्या कार्डावर नुसती हलणारी काटकी.

जंगलात लोकांना गप्प बसायला नेमकं काय होतं? ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात, रॅपर तिथेच टाकतात. आणि आमचे लोक तरी काय, मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला फसवून बोलावतात, विणीच्या दिवसांतसुद्धा, वर फोटोखाली 'नेचर लव्हर' लिहितात.

असो. काकू शाल नीट करून उभ्याच राहिल्या होत्या, काढावा लागला फोटो. लांबचं जवळ आणणारी सहाशे मिलिमीटरची लेन्स! मागे व्हा, अजून मागे व्हा करत सगळे पार ओढ्यापलीकडे गेले तरी फ्रेममध्ये नुसते काका, तेही माकडटोपीपासून मिशीपर्यंत. काकांनी स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं.

"याचे आम्ही पैसे देणार नाही हां."